ह्यात गवात कुठं हाय?

प्रश्न विचारणारे गृहस्थ 31 वर्षांचे आहेत. राहायला कोल्हापूरच्या राजारामपुरीत, नोकरी सहकारी बँकेत, पीककर्जाच्या टेबलावर. मूळ गाव पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराच्या पायथ्याला. गेल्या सप्टेंबरात पठारावर जाऊन आले आणि हजारेक शब्दांचा लेख लिहिला. मित्रांनी 'अप्रतिम' म्हणून कळवलं. गावाकडच्या चुलत्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी शेवटपर्यंत निमूट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं ब्येस हाय, पर ह्यात गवात कुठं हाय?" आणि हसले. आता यांचा प्रश्न असा, की निसर्गावर लिहायचं तर आधी झाडापाखरांची शास्त्रीय नावं पाठ करावीत की भाषा सुधारावी? सोबत लेखही जोडलाय.

लेख वाचला. मी 28 वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं पंधरवड्याला एक सदर लिहिलं, त्यामुळे असले लेख मी लिहिलेतही आणि दुसऱ्यांचे तपासलेतही. तुमच्या लेखात धरतीनं हिरवा शालू दोनदा नेसलाय. निसर्गानं मुक्तहस्ते उधळण एकदा केलीय. तुम्ही निसर्गाच्या कुशीत शिरलात आणि शेवटी यंत्रयुगातल्या माणसाला चार शब्द सुनावून खाली उतरलात. चुका म्हणाव्यात तर एकही नाही, शुद्धलेखनसुद्धा चोख आहे. पण हाच लेख महाबळेश्वरचं नाव घालून छापला असता तरी चालला असता. चुलत्यांना नेमकं तेच खटकलं. त्यांचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा सरस आहे, म्हणून आधी त्यालाच हात घालते.

तुमच्या चुलत्यांसाठी ते पठार म्हणजे गवत. पावसाळाभर जनावरं चारायची आणि पाऊस उघडला की कापणी. ही कापणी कधी करायची याचं गणित बारीक असतं. कुसळी गवत तुम्ही पाहिलंय, नाव नसेल माहीत तरी मोज्यात घेऊन घरी आला असाल. त्याच्या बीला खाली सुईसारखं टोक आणि वर लांब शेपूट असतं. ती शेपटी ओलसर हवेत उलगडते, उन्हात पुन्हा पीळ घेते आणि असं होता होता बी गिरमिटासारखं जमिनीत घुसतं. जमीन नाही मिळाली तर मोज्यात, मेंढीच्या लोकरीत, गाईच्या हिरडीत. म्हणून कुसळ धरायच्या आत विळा लावायचा. चार दिवस उशीर झाला तर जनावर तोंड लावत नाही, चार दिवस लवकर झाला तर ओलं गवत गंजीत कुजतं. तुमच्या घरातला माणूस हे सगळं डोक्यात घेऊन त्या पठाराकडे बघतो, आणि तुम्ही त्याच्यासमोर शालू वाचत होता. त्यांनी हसण्यावारी नेलं, हा त्यांचा मोठेपणा.

आता जरा तुमच्या टेबलावर या. सातबारा तुम्ही रोज बघता. सड्याच्या, म्हणजे उघड्या जांभ्या खडकाच्या, अशा जमिनीपुढे काय लिहिलेलं असतं? पोटखराब, लागवडीला निरुपयोगी. म्हणजे एकाच जागेला सरकारी कागदात पोटखराब म्हणतात, चुलते गवत म्हणतात, रविवारी मोटारसायकलवरून येणारी पोरं स्वर्ग म्हणतात आणि माझ्यासारखी बाई तिथं गुडघे टेकून सीतेची आसवं नावाचं फूल शोधते. प्रत्येक शब्दामागे त्या जागेशी असलेलं एकेक नातं आहे. लिहायला बसण्याआधी आपण यातल्या कुठल्या नात्यानं तिथं गेलो होतो, हे ठरवावं लागतं. तुमच्या लेखात ते कुठंच कळत नाही. तुम्ही पायथ्याच्या गावचे आहात, हे मला प्रश्नातून समजलं, लेखातून नाही.

शास्त्रीय नावांबद्दल. कशासाठी लिहिताय त्यावर अवलंबून आहे. वनस्पतींची नोंद म्हणून लिहीत असाल तर शास्त्रीय नावाशिवाय गत्यंतर नाही, कारण देशी नावं तालुक्यागणिक बदलतात. आपल्याकडचा कुंभारकुकडा पुस्तकात भारद्वाज होतो. घाणेरीला कुणी टणटणी म्हणतं. उलट एकाच नावाची दोन-तीन वेगळी झाडंही निघतात, आणि औषधाला पाला आणायचा असेल तर तो घोटाळा महागात पडतो. पण रविवारच्या पुरवणीसाठी किंवा दिवाळी अंकासाठी लिहीत असाल तर गावातलं नाव आधी द्या, पुस्तकी नाव लागलंच तर मागून. लॅटिन नावांची माळ लावून लेख भारदस्त होत नाही. माझे पहिले दहा-बारा लेख मी असेच भारदस्त केले होते. आता काढून वाचले की कान गरम होतात.

नाव मात्र हवंच. 'नाना रंगांची फुलं' हे न बघितल्याचं लक्षण आहे. त्याऐवजी एकच फूल घ्या. सीतेची आसवं म्हणतात ते निळंजांभळं, नखाएवढं फूल. पठारावर जिथं पाणी अगदी पातळ थरात वाहत असतं, तिथं त्याचे ताटवे दिसतात. आता पालथे पडा, कपडे भिजू द्यात, आणि साधं भिंग लावा. बुडाशी मोहरीहून बारीक फुगे लटकलेले दिसतील. ते फुगे सापळे आहेत. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव तोंडाशी असलेल्या केसाला लागला की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. हे इतक्या झटकन होतं की डोळ्याला दिसत नाही. या झाडाला खरी मुळंच नाहीत. जांभ्याच्या सड्यावर माती जेमतेम, त्यातलं नत्र धो धो पावसानं धुऊन गेलेलं. मग त्यानं मांस खायची वाट धरली. लोकांनी त्याला सीतेचे अश्रू म्हटलं आणि ते बुडाशी बसून शिकार करतंय! हे सगळं लिहायला तुम्हाला एकही विशेषण लागणार नाही.

आणि बघा, पोटखराब, गवत आणि हे फूल यांचं मूळ एकच निघतं. जमीन निकृष्ट, म्हणून नांगर लागत नाही, म्हणून सातबाराला पोटखराब. नांगर लागत नाही म्हणून गवत टिकलं. नत्र नाही म्हणून कीटक खाणारी वनस्पती. तुमचा लेख इथं सुरू व्हायला हवा होता.

आता माझी एक फजिती सांगते, कारण तुमच्या चुलत्यांसारखा माणूस मलाही भेटला होता, फक्त पोस्टकार्डावर.

सदर सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. दाजीपूरला जाऊन आले आणि गव्यांवर लिहिलं. रुबाबदार कळप, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, तुकतुकीत काळी कातडी, जंगलचा राजबिंडा रहिवासी वगैरे. आठवड्यात राधानगरी तालुक्यातून एका शेतकऱ्याचं पोस्टकार्ड आलं. मजकूर असा, की बाई, तुमचे राजबिंडे रहिवासी परवा आमच्या उसात राहून गेले. एकदा रात्री राखणीला या, मग लिवा. मला आधी राग आला. मग लाज वाटली आणि नोव्हेंबरात गेले.

बांधावर चार मेढी रोवून, वर उसाचा पाला टाकून केलेला माळा. आम्ही तिघं. ते, त्यांची मिसेस आणि मी. एक बॅटरी, वाजवायला तेलाचा रिकामा डबा, आणि अंगावर घोंगडं असूनही दात वाजतील अशी थंडी. एक वाजून गेला तरी काही नाही. मी हळूच बॅटरीकडे हात नेला तर ते कुजबुजले, "बत्ती मारू नगा बाई. आईका." मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग आलं. कड्. थोडं थांबून पुन्हा कड्. ऊस मोडल्याचा आवाज मी गुऱ्हाळावर हजारदा ऐकलाय, पण अंधारात तो वेगळाच लागतो, कारण मोडणारा दिसत नाही. त्यामागून रस ओढल्यासारखं चावणं, आणि मग जोरात एक फुरफुर. वाऱ्यावर गोठ्यासारखा पण जास्त उग्र वास. मोठा नर हजार किलोच्या घरात जातो, हे मी वर्गात शिकवत होते. त्या रात्री कळलं की हजार किलो चालतं तेव्हा माळ्याच्या मेढीतून पायाला कळतं.

त्यांनी डबा वाजवला. कळप घाईघाईनं वगैरे गेला नाही. आपलं आटोपून गेला. सकाळी आम्ही तुडवलेल्या सऱ्या बघितल्या. त्यांच्या मिसेस उसाच्या शेंड्यांचं वाडं गोळा करत होत्या, म्हशीला होईल म्हणून. मी काहीतरी सांत्वनाचं बोलले असेन. त्यावर ते म्हणाले, "त्येंचं बी रान हाय म्हणा की. पर कर्ज माझ्या नावावर हाय." आणि हसून चहाला चला म्हणाले.

दुसरा लेख मी लिहिला तो या रात्रीवर. पांढरे मोजे त्यातही होते, पण पहाटे बांध ओलांडताना चिखलानं माखलेले. त्या लेखावर पंचवीसेक पत्रं आली, त्यातली निम्मी गावाकडून. तोवर माझं सदर गावात कुणी वाचतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

एक सावधगिरी. या अनुभवानंतर मी काही काळ दुसऱ्या टोकाला गेले. प्रत्येक लेखात 'मानव-वन्यजीव संघर्ष', 'अधिवासाचा ऱ्हास', 'उपाययोजना'. ही भाषा अहवालाची आहे, अहवालात ती लागतेच. पण माळ्यावर बसलेल्या त्या माणसानं संघर्ष हा शब्द उभ्या रात्रीत एकदाही उच्चारला नव्हता. त्यानं 'त्येंचं बी रान' म्हटलं आणि त्याच दमात कर्ज म्हटलं. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात राहू शकतात. आपण लिहिणारे उगाच त्यातली एक काढून टाकतो.

तसं बघायला गेलं तर दाजीपूरच्या त्या जंगलाचंच नातं किती बदललंय. संस्थान होतं तेव्हा ते शिकारीचं राखीव रान. 1958 मध्ये तिथं अभयारण्य झालं. 2012 मध्ये पश्चिम घाटाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्यात राधानगरी अभयारण्य म्हणून हे जंगलही आलं. जनावर होतं त्याचं वन्यजीव झालं, रान होतं त्याचं अधिवास. जंगलाच्या कडेच्या वाडीत मात्र अजून रान आणि जनावरच आहे. 'निसर्ग' हा शब्द मी वाडीत फारसा ऐकला नाही. ऐकला तो एकाच वाक्यात: "औंदा निसर्गानं साथ दिली न्हाई." म्हणजे तो शब्द फक्त तक्रारीला काढतात. गंमत म्हणून सांगत नाही. 'निसर्ग' हा शब्द न वापरता एक पान लिहून बघा. ओढा, पाणंद, माळ, मळी, गायरान, बांध असं काहीतरी नेमकं लिहावंच लागतं.

शब्दांच्या निवडीनं फक्त शैली बिघडते असं नाही, हे पुराच्या बाबतीत फार दिसतं. दर पावसाळ्यात 'पंचगंगेनं रौद्ररूप धारण केलं' आणि 'निसर्ग कोपला' छापून येतं. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 55 फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. दोन वर्षांत, जुलै 2021 मध्ये, पुन्हा तीच गत. नदी कोपली म्हटलं की विषय मिटतो, कारण कोपणाऱ्याला जाब विचारता येत नाही. पण घाटात किती दिवस कोसळला, धरणांतून कधी किती सोडलं, नरसोबाच्या वाडीला कृष्णा तुंबल्यावर पंचगंगेचं पाणी पुढं सरकायला किती वेळ लागला आणि नदीच्या हक्काच्या जागेत भराव टाकून कोणकोण राहायला गेलं, हे लिहिलं की नदीला राग येण्याची गरज उरत नाही. ती फक्त वाहते.

त्याच पाण्याशी इथल्या माणसाचं नातं मात्र एकपदरी नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक त्या पाण्यात स्नानाला धावतात. त्याच दिवशी जवळपासच्या गावात जनावरं सोडवून उंचावर नेण्याची धांदल चाललेली असते. कधी कधी स्नानाला जाणारा आणि जनावरं सोडवणारा माणूस एकच असतो. पाण्याच्या कडेला काठी रोवून दर तासाला ती किती बुडाली बघणारी म्हातारी माणसं तुम्ही पाहिली असतील. पाणी चढतंय, ठेपलंय की उतरतंय, हे तीनच शब्द. मला विचाराल तर पुरावरचं सगळ्यात चांगलं लेखन त्या काठीवर आहे.

आता तुमच्याबद्दल. तुम्हाला वाटतं की आपण बँकेत बसणारे, आपला निसर्गाशी संबंध सुट्टीपुरता. मला तर तुमचा हेवा वाटला. जूनमध्ये तुमच्या टेबलासमोर रांग लागते. कुणी पावसाआधी कोरड्या मातीत धूळवाफ पेरणी करून आलेला, कुणाचं रोहिणीचं साधलेलं, कुणी 'तरणा बरा झाला, म्हातारा झोडपणार' म्हणून अंदाज सांगणारा. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे कोल्हापूरच्या पोराला सांगायला नको. हे सगळं ऐकत तुम्ही फॉर्म भरता. पूर येतो तो तुमच्याकडे पंचनाम्याच्या आणि थकबाकीच्या कागदातून येतो. पाऊस, ऊस आणि कर्ज एका काऊंटरवर एकत्र दिसण्याची जागा किती जणांना मिळते? मला त्यासाठी रात्रभर माळ्यावर कुडकुडावं लागलं. अर्थात खातेदाराचं नाव, गाव, रक्कम यातलं काहीही लेखात येता कामा नये, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सरावासाठी लांब जाऊ नका. रंकाळ्यावर किंवा कळंब्याच्या तळ्यावर एक जागा धरा, आठवड्यातून एकदा, तीच वेळ, पंधरा मिनिटं. मोबाईल खिशात. वहीत फक्त दिसलं ते लिहायचं, वाटलं ते नाही. पहिले तीन आठवडे कंटाळा येईल. चौथ्या-पाचव्या वेळी केंदाळ, म्हणजे जलपर्णी, कुठून कुठं सरकलं, वारकरी किती कमी झाले, खंड्या त्याच तारेवर बसतो की बदलतो, हे आपोआप टिपलं जाईल. वारकरी म्हणजे ते काळं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं पाणपाखरू. माझ्या एका विद्यार्थिनीनं घराजवळच्या एकाच उंबरावर वर्षभर वही भरली. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, तिनं फळ कापून आतली फुलं दाखवली आणि त्यातून बाहेर पडणारा चिलटाएवढा कीटकही. त्या वहीचे पुढे तीन चांगले लेख झाले.

एक बारीक गोष्ट विसरत होते. कंदीलपुष्पासारखं दुर्मिळ काही सापडलं तर लेखात नेमकी जागा देऊ नका. तालुका पुरे. शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतीशास्त्राच्या मंडळींनी ही कंदीलपुष्पं वाढवून टिकवण्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली आहे. आपण एका परिच्छेदात पत्ता छापायचा आणि पुढच्या सीझनला तिथं उकरलेले खड्डे बघायचे, असं होऊ शकतं. मी एका सड्याची वाट अशीच तपशिलानं लिहिली होती. पुढच्या वर्षी तिथं कुरकुऱ्यांची पाकिटं होती. माझ्या लेखामुळेच असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण मी तेव्हापासून वाटा लिहीत नाही.

तुमचा जुना लेख फाडू नका. त्यात एक वाक्य चांगलं आहे, तुमच्या लक्षात आलं नसेल: 'उतरताना एक बाई डोक्यावर भारा घेऊन आमच्या पुढून भराभर गेली आणि आम्ही तिला वाट दिली.' त्या भाऱ्यात काय होतं, ती कुठं निघाली होती, सप्टेंबरात इतक्या लवकर का कापत होती, हे तुम्ही विचारलं नाहीत. चुलते सांगतील. ऑक्टोबरात कापणीला त्यांच्यासोबत वर जा, एक दिवस रजा टाका, विळा हातात घ्या. पठारावर कुठकुठली गवतं आहेत, त्यातलं म्हैस कुठलं आधी खाते आणि कुठल्याकडे ढुंकून बघत नाही, ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. पवना, मारवेल, कुसळी एवढी मला ठाऊक आहेत. तुमच्या गावात त्यांना आणखी काही नावं असतील, ती मिळाली की मलाही कळवा.